पोटातल्या बाळाला गाठ आहे? कागद आताच जमवा

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या माकडहाडापाशी गाठ दिसली, म्हणजे सॅक्रोकॉक्सिजिअल टेराटोमा, की घरचे हबकतात. साधारण 35 ते 40 हजार जन्मांमागे एका बाळाला ती असते. जन्मावेळी बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात; पण शस्त्रक्रिया लवकर करावी लागते आणि गाठीबरोबर माकडहाडही काढावं लागतं. त्यामुळे बालशल्यचिकित्सक आणि एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) असलेलं रुग्णालय आधीच ठरवा. तिथे महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून लहान मुलांच्या शस्त्रक्रिया होतात का, याची आरोग्यमित्राकडून (रुग्णालयातल्या योजनेच्या माणसाकडून) किंवा योजनेच्या 155388 या हेल्पलाइनवर खात्री करून घ्या. नुसता योजनेचा फलक पाहून जाऊ नका.

कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पांढऱ्या रेशनकार्डालाही. अर्ज अडतो तो बाळाच्या कागदावर. नवजात बाळाचं आधार नसतं, रेशनकार्डावर नाव नसतं. तरी काही खिडक्यांवर तेच मागतात! अशा वेळी जन्मदाखला, आई किंवा वडिलांसोबतचा बाळाचा फोटो आणि पालकांचं रेशनकार्ड व ओळखपत्र पुढे करा. दाखल्यासाठी बारशाची वाट पाहू नका. जन्मनोंद नावाशिवाय होते, नाव नंतर घालता येतं. नोंदणीची नेहमीची मुदत 21 दिवसांची; त्यानंतरही विलंब शुल्क भरून नोंद होते. पण शस्त्रक्रिया बहुधा त्या 21 दिवसांच्या आधीच ठरते.

दुसरी अडचण सुनेची. लग्नाला दोन-तीन वर्षं होऊनही तिचं नाव माहेरच्याच कार्डावर असतं. तिथून नाव कमी केल्याचा दाखला आणून सासरच्या कार्डावर चढवायला वेळ जातो. हे काम गरोदरपणातच उरका, बाळ काचेच्या पेटीत असताना बापाला तहसीलच्या रांगेत उभं करू नका.

योजनेत बसत नसेल तर मुख्यमंत्री सहायता निधी. रुग्णालय त्या निधीच्या यादीत हवं, तहसीलदारांच्या दाखल्यात उत्पन्न 1.60 लाखांच्या आत हवं. लहान बाळासाठी आईचं आधार चालतं. खासगी रुग्णालयाच्या खर्चाच्या अंदाजपत्रकावर जिल्हा शल्यचिकित्सकांचं प्रमाणन लागतं. ते नसेल तर अर्ज अडतो. बिलं भरून, घरी जाऊन मग अर्ज करणाऱ्यांना काहीच मिळत नाही, कारण मदत थेट रुग्णालयाच्या खात्यात जाते. बाळ दाखल असतानाच अर्ज टाका.

सुट्टी मिळताना गाठीच्या तपासणीचा पॅथॉलॉजी अहवाल मागून घ्या. गाठ पुन्हा होऊ शकते, पुढच्या प्रत्येक तपासणीत डॉक्टर तो मागतील.