चालकाला डुलकी लागली तर मालगाडी आपोआप थांबते?

'चालकाला झोप लागली तरी इंजिनातलं यंत्र मालगाडी थांबवतं, त्यामुळे टक्कर होऊच शकत नाही' असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. यंत्र खरंच आहे, म्हणून तो पटतोही. पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

भारतात हे दक्षता यंत्र असं चालतं: साधारण 60 सेकंद चालकाने हॉर्न, ब्रेक, बटण यांपैकी कशालाच हात लावला नाही, तर आधी दिवा लुकलुकतो, मग बझर वाजतो, तरीही प्रतिसाद नसेल तर ब्रेक लागतात. आता स्वतः गणित करून पाहा. ताशी 60 किमी वेगाने गाडी मिनिटाला 1 किमी जाते. त्यानंतर भरलेल्या मालगाडीला थांबायला आणखी शेकडो मीटर लागतात. तेवढ्यात लाल सिग्नल मागे पडलेला असू शकतो.

शिवाय यंत्राला फक्त हालचाल कळते, सिग्नल नाही. पेंगुळलेला हात सवयीनेही बटण दाबतो. सिग्नल ओलांडण्याआधी ब्रेक लावणारी 'कवच' प्रणाली वेगळी, आणि ती अजून सगळ्या मार्गांवर पोचलेली नाही.

म्हणूनच ड्यूटीवर येताना लॉबीत, म्हणजे चालकांच्या हजेरीच्या जागी, दारूसाठी श्वासचाचणी होते, ठरावीक काळाने डोळे तपासले जातात. पण थकवा फुंकून कळत नाही. मालगाडीच्या चालकाला बहुधा ठरलेलं वेळापत्रक नसतं. रात्री दोनलाही बोलावणं येतं. ओळखीत कोणी लोको पायलट असेल तर त्यांना विचारा, ते आधी झोपेबद्दलच बोलतील.