ईसॅट-६ (पुनर्संयोजित क्षयजीवाणू प्रथिन)

क्षयरोगास कारणीभूत असणारा मायकोबॅक्टेरियम ट्यूबरक्युलोसिस हा जीवाणू पेशीबाहेर स्रवतो त्या प्रथिनांपैकी ईसॅट-६ हे ९५ ॲमिनो आम्लांचे एक लहान प्रथिन आहे. कोपनहेगन येथील स्टेटन्स सीरम इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी १९९५ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. संशोधनासाठी लागणारे ईसॅट-६ सहसा क्षयजीवाणूपासून मिळवत नाहीत. क्षयजीवाणू वाढवण्यास कडक जैवसुरक्षेची प्रयोगशाळा लागते आणि त्याची संख्या दुप्पट होण्यास सुमारे २० तास जातात, ई. कोलाय या जीवाणूला अनुकूल स्थितीत त्यासाठी २० मिनिटे पुरतात. म्हणून संबंधित जनुक प्लास्मिड या लहान वर्तुळाकार डीएनएमार्फत ई. कोलायच्या निरुपद्रवी वाणात घालून प्रथिन तयार करून घेतात; अशा प्रथिनाला पुनर्संयोजित म्हणतात.

या प्रथिनाचे महत्त्व बीसीजी लशीच्या इतिहासाशी जोडलेले आहे. काल्मेत आणि गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी गुरांमधील क्षयजीवाणू १९०८ ते १९२१ या काळात सुमारे २३० वेळा नव्या माध्यमावर वाढवून ही लस सिद्ध केली, तेव्हा त्याच्या जनुकसंचातून आरडी-१ नावाचा तुकडा गळून गेला. ईसॅट-६ आणि त्याचे जोडीदार प्रथिन सीएफपी-१० यांची जनुके नेमकी याच तुकड्यात असतात. त्यामुळे क्षयजीवाणूच्या अनेक प्रथिनांचे मिश्रण त्वचेत टोचणारी जुनी ट्युबरक्युलिन चाचणी लस टोचलेल्या व्यक्तीतही होकारार्थी येऊ शकते, तर या दोन प्रथिनांना टी-पेशींनी (एक प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशींनी) दिलेला प्रतिसाद लशीमुळे उद्भवत नाही. जन्मतःच बीसीजी देणाऱ्या भारतासारख्या देशात हा फरक मोलाचा आहे. रक्तातील टी-पेशी प्रतिसादात सोडतात तो इंटरफेरॉन-गॅमा हा संदेशवाहक पदार्थ मोजणाऱ्या चाचण्या याच तत्त्वावर चालतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाची सीवाय-टीबी ही त्वचाचाचणीही दोन्ही पुनर्संयोजित प्रथिनांवर आधारलेली असून, अशा त्वचाचाचण्यांच्या वापरास जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मान्यता दिली. मात्र सुप्त संसर्ग आणि प्रत्यक्ष आजार यांतील भेद यांपैकी कोणतीही चाचणी सांगत नाही. शिवाय मायकोबॅक्टेरियम कॅन्ससीसारख्या काही इतर मायकोबॅक्टेरियांतही ही जनुके आढळतात.

निर्मितीत खरी अडचण शुद्धीकरणाची असते. प्रथिनाच्या एका टोकाला जोडलेली सहा हिस्टिडिनांची शेपटी निकेलच्या स्तंभाला चिकटते आणि प्रथिन वेगळे काढता येते. पण बरेचसे प्रथिन पेशीत न विरघळणाऱ्या गोळ्यांच्या रूपात साचते, ते युरियात विरघळवून पुन्हा योग्य घडीत आणावे लागते. ई. कोलायच्या आवरणातील अंतर्विष (एंडोटॉक्सिन) त्यात किंचित जरी राहिले, तरी भक्षकपेशी त्यालाच प्रतिसाद देतात आणि श्रेय मात्र प्रथिनाच्या पदरात पडते. उलट अंतर्विष धुऊन काढण्यासाठी वापरलेले अपमार्जकही (डिटर्जंट) मागे उरू शकते. ईसॅट-६ पेशीपटलाला छिद्रे पाडते असे अनेक प्रयोगांतून मांडले गेले होते. त्यांतील काही परिणाम अशा शिल्लक अपमार्जकाचा असल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले. ईसॅट-६ पेशीबाहेर सोडणारी ईएसएक्स-१ ही स्रवणयंत्रणा नसलेले क्षयजीवाणू दुबळे होतात हे निरीक्षण त्याने बाधित होत नाही, परंतु शुद्ध केलेल्या प्रथिनावरून काढलेल्या निष्कर्षांकडे तेव्हापासून अधिक सावधपणे पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे.

मूळ प्रथिनाच्या आरंभी ॲसिटिल गट असू शकतो, सामान्य ई. कोलायमध्ये बनवलेल्या प्रतीत तो सहसा नसतो. म्हणून प्रयोगापूर्वी शेपटी कोणत्या टोकाला आहे, अंतर्विषाची पातळी किती आहे आणि प्रथिन सीएफपी-१० सोबत १:१ जोडीत आहे की एकटे, हे तपासून घ्यावे लागते.