जुनं लाकूड म्हणजे चांगला आवाज?

अमेरिकेत वसंतात रानटी टर्की पक्ष्याची शिकार होते. मादीच्या आवाजाची नक्कल करून नराला जवळ बोलावतात. त्यासाठीची लाकडी पेटी हातानं करणाऱ्यांत एक समज पक्का आहे: जुन्या कोठाराची, वर्षानुवर्षं वाऱ्यावर वाळलेली फळीच बोलते, भट्टीत वाळवलेलं लाकूड मुकं असतं.

तसं नाही. पेटीच्या पातळ भिंतीच्या कडेवर झाकण घासलं की ते चिकटतं, सुटतं, पुन्हा चिकटतं; त्या कंपनातून आवाज निघतो. ओलं लाकूड ही कंपनं गिळतं. म्हणजे प्रश्न वयाचा नाही, ओलाव्याचा आहे. उघड्यावर वाळलेली फळी, मग ती कितीही जुनी असो, साधारण १२ ते १५ टक्क्यांवर थांबते. भट्टीतून ती ६ ते ८ टक्क्यांवर येते. त्यामुळे कोठारातली फळीही कापण्याआधी घरात ठेवावी लागते. अधूनमधून तोलायची, वजन उतरणं थांबलं की घ्यायची. भट्टीत घाई केली तर लाकडाला आतून चिरा पडतात, तेवढी तक्रार मात्र खरी.

आवाज खरा ठरतो तो भिंतीच्या जाडीवर (सुमारे ३ मिलिमीटर), लाकडातल्या सरळ रेषांवर आणि लाकडांच्या जोडीवर: पेटीला हलकं पॉप्लर, झाकणाला अक्रोड किंवा महोगनी. सागासारख्या तेलकट लाकडावर खडू नीट धरत नाही आणि खडूशिवाय झाकण नुसतंच घसरतं. सुताराचा निळा खडू तर लावूच नये, त्यात बहुधा तेल असतं.