पिपेट घरी नेता येत नाही: संशोधन गटांतल्या दूरस्थ कामाची पार्श्वभूमी

संशोधन गटांत दुरून काम करणं २०२० मध्ये सुरू झालं, ही समजूत अर्धीच खरी आहे. त्या वर्षी माणसं घरी गेली. उपकरण एकीकडे आणि माणूस दुसरीकडे ही व्यवस्था बरीच जुनी आहे. हवाईतल्या मौना केआवर केक वेधशाळा सुमारे ४,१४५ मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के असतो, आणि विरळ हवेत रात्रभर जागणाऱ्याचे निर्णय चुकतात. म्हणून १९९० च्या दशकातच निरीक्षक डोंगराखाली, वायमेआ गावातल्या कक्षात बसू लागले.

प्रथिनांच्या स्फटिकांवर काम करणाऱ्यांनी पुढची मजल मारली. स्टॅनफर्डच्या सिंक्रोट्रॉनने (प्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्राच्या केंद्राने) २००५ पासून बाहेरच्या गटांना क्ष-किरणांचे प्रयोग आपापल्या ठिकाणाहून चालवू दिले. प्रवास करतात ते नमुने: पिनेच्या टोकावरच्या बारीक फाशात स्फटिक, अशा ९६ पिना एका कॅसेटमध्ये, आणि कॅसेट द्रव नायट्रोजन शोषून घेतलेल्या ड्राय शिपरमध्ये, म्हणजे नमुने गोठलेले ठेवणाऱ्या पात्रात. तिथला रोबो पिना उचलतो, इथला विद्यार्थी पडद्यावर स्फटिक किरणाच्या रेषेत आणतो. बिघडतं ते बहुतेक पाठवण्याआधीच. पिना भरताना दमट हवा लागली तर बर्फ धरतो आणि क्ष-किरणांच्या चित्रात बर्फाची वर्तुळं उमटतात. पिन किंचित वाकली तर रोबोची पकड चुकते. शिपर वाटेत आडवा पडला तर नायट्रोजन लवकर उडून जातो. पूर्वी अशी चूक तिथल्या तिथे सावरता यायची. आता पडद्यावर कळते तेव्हा नमुना हाताबाहेर गेलेला असतो.

संगणकावर सिम्युलेशन करणाऱ्यांची गोष्ट लहान आहे. १९९५ मध्ये एसएसएच (दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे काम करण्याची सोय) आणि २००५ मध्ये गिट (कोडमधले बदल नोंदवणारी प्रणाली) आल्यावर त्यांना कार्यालयात बांधून ठेवणारं तांत्रिक कारण फारसं उरलं नाही. ज्या क्लस्टरवर, म्हणजे जोडलेल्या संगणकांच्या समूहावर, काम चालतं तो कोणत्या इमारतीत आहे, हेही अनेकांना ठाऊक नसतं.

तरी अंतराची किंमत असतेच. एमआयटीच्या टॉमस अ‍ॅलन यांनी १९७७ मध्येच मांडलं होतं, की दोघांच्या टेबलांमधलं अंतर तीस-पन्नास मीटरपलीकडे गेलं, की कामाविषयी नियमित बोलणं जवळजवळ थांबतं. ठरवून घेतलेली बैठक ती उणीव पुरती भरून काढत नाही. ‘जेलवरचा हा बँड (पट्टा) असा का दिसतोय?’ हा प्रश्न बैठकीपर्यंत कुणी राखून ठेवत नाही.

लवचिक वेळ मात्र प्रयोगशाळेत आधीपासूनच होती, फक्त ती माणसाच्या नव्हे, पेशींच्या सोयीची. अनेक पेशीवाणांचं दर दोन-तीन दिवसांनी पासेजिंग करावं लागतं, म्हणजे वाढलेल्या पेशी विभागून नव्या भांड्यात घालाव्या लागतात. रविवार आला म्हणून त्या थांबत नाहीत. त्यामुळे २०२० मध्ये एकाच गटात दोन वर्ग स्पष्ट दिसले: विश्लेषण करणारे घरी, आणि बेंचवर, म्हणजे प्रयोगाच्या टेबलावर, काम करणारे पाळ्या लावून आत. आधी उपकरणापुरतं असलेलं बुकिंग मग बेंचच्या जागेलाही लागलं, आणि प्रयोग दोन-तीन दिवसांत कोंबून लेखन-वाचन बाहेर नेण्याची रीत पुढेही अनेक ठिकाणी टिकली.

अडतं ते अगदी साध्या जागी. कितीतरी महागड्या उपकरणांचा संगणक जुन्या विंडोजवर चालतो आणि सुरक्षेपोटी नेटवर्कपासून तोडलेला असतो. घरी बसलेल्याला डेटा हवा असेल, तर कुणीतरी पेनड्राइव्ह घेऊन तिथवर चालत जावंच लागतं.