लायनरवरची भोकं : ट्रकच्या कूलंटची पार्श्वभूमी

अवजड ट्रकचं इंजिन खोलून लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी, बाहेर काढला की त्याची पाण्याकडची बाजू उजेडात फिरवून पाहावी. बाकी लायनर धड, आणि एका अंगाला उभ्या पट्ट्यात टाचणीने टोचावं तशी बारीक भोकं. साधा गंज असा पट्टा धरून लागत नाही. रेडिएटरमध्ये साधं पाणी का चालेनासं झालं, याचं अर्ध्याहून अधिक उत्तर या भोकांत आहे.

सुरुवात पाण्यानेच झाली होती. रुडॉल्फ डिझेल यांचं ऑग्सबर्गमधलं इंजिन १८९७ मध्ये यशस्वी ठरलं, पण ते एका जागी उभं असायचं; लागेल तितकं पाणी वापरायची सोय होती. १९२३-२४ च्या सुमारास जर्मनीत डिझेल ट्रक रस्त्यावर आले, तेव्हा ते पाणी गाडीवर वाहून न्यावं लागलं. इंधनातल्या ऊर्जेचा साधारण पाव ते तिसरा हिस्सा पाण्यात उतरतो, म्हणजे काम थोडंथोडकं नव्हतं. पंप, पंखा, थर्मोस्टॅट हे सगळं त्यापायीच आलं. डॉइट्झ आणि टाट्रा या कंपन्यांनी तर पाणीच काढून टाकलं आणि हवेने थंड होणारी डिझेल इंजिनं ट्रकला बसवली. ती चालली, आणि उत्तम चालली. तरी बहुतेक जग पाण्याकडेच राहिलं.

पाण्याचं पहिलं दुखणं थंडीचं. गोठलेलं पाणी फुगून ब्लॉक फोडायचं, म्हणून त्यात मिथेनॉलसारखं अल्कोहोल घालत. पण मिथेनॉल ६५ अंशांनाच उकळतं. चढ लागला की ते उडून जायचं. १९२७ मध्ये ‘प्रेस्टोन’ या नावाने इथिलीन ग्लायकॉल बाजारात आलं आणि हा प्रश्न सुटला. पाणी आणि ग्लायकॉल निम्मं-निम्मं घेतलं तर गोठणबिंदू उणे ३७ अंशांच्या आसपास जातो. उत्कलनबिंदूही वाढतो आणि रेडिएटरच्या दाब धरणाऱ्या झाकणामुळे (प्रेशर कॅप) तो आणखी वर सरकतो.

लायनरचा प्रश्न मात्र ग्लायकॉलने सुटला नाही. अवजड इंजिनात बहुधा वेट लायनर असतो, म्हणजे कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी-ग्लायकॉलचं मिश्रण) थेट त्याला भिडलेलं. पॉवर स्ट्रोकला पिस्टन लायनरच्या एका बाजूवर आदळतो आणि लायनर घंटेसारखा थरथरतो. भिंत क्षणभर आत सरली की तिथला दाब पडतो आणि वाफेचा बुडबुडा तयार होतो. ती परत बाहेर आली की तो फुटतो आणि धातूला टोचा मारतो. जहाजांच्या पाण्यातल्या पंख्यांची (प्रोपेलर) अशीच झीज होत असे. फुटणाऱ्या बुडबुड्याजवळ दाब किती प्रचंड चढतो, याचं गणित ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्येच मांडलं होतं. ट्रकमध्ये हा मारा त्याच पट्ट्यावर, मिनिटाला शेकडो वेळा बसतो.

उपाय रसायनाचा निघाला. कूलंटमध्ये मिसळलेलं नायट्राइट लोखंडावर ऑक्साइडचा पातळ थर धरतं. बुडबुडा तो थर उडवतो, धातू वाचतो, थर पुन्हा धरतो. पण त्यात नायट्राइट खर्च होतं. म्हणून ठरावीक अंतराने ते भरून काढणारं अ‍ॅडिटिव्ह घालायचं, कूलंट फिल्टर बदलायचा, टेस्ट स्ट्रिप बुडवून रंग पाहायचा, ही शिस्त ट्रकच्या देखभालीत शिरली. जास्त घातलं तर साका बसून रेडिएटर तुंबतो, म्हणून अंदाजपंचे ओतून भागत नाही. पुढे सेंद्रिय आम्लांची, सावकाश खर्च होणारी कूलंटं आली आणि बदलण्याची मुदत बरीच लांबली. प्रत्येक कंपनीचा रंग वेगळा, आणि रंगावरून आतलं रसायन कळत नाही. हिरव्यात लाल मिसळण्याची चूक इथूनच सुरू होते.

धुराचे नियम कडक झाल्यावर ईजीआर आलं. सायलेन्सरकडे जाणारा तापलेला धूर थंड करून पुन्हा इंजिनात घ्यायचा, आणि तो थंड करायचा त्याच कूलंटने. बोजा आणखी वाढला.

वाटेत पातळी उतरली म्हणून बाटलीभर पाणी ओतलं की ग्लायकॉल आणि अ‍ॅडिटिव्ह दोन्ही पातळ होतात. टेंपरेचरचा काटा तेव्हा जागचा हलत नाही. भोक आरपार गेलं की कूलंट सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये उतरतं, आणि डिपस्टिकवर (ऑइलची पातळी पाहायची पट्टी) दुधाळ ऑइल दिसतं तेव्हा इंजिन खोलायची वेळ आलेली असते.