चेरी काउंटी (नेब्रास्का)

चेरी काउंटी : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील नेब्रास्का राज्याच्या उत्तर सीमेवरची, क्षेत्रफळाने त्या राज्यातील सर्वांत मोठी काउंटी. क्षेत्रफळ सु. १५,५६० चौ. किमी.; लोकसंख्या ५,४५५ (२०२०). मुख्य ठाणे व्हॅलेंटाइन. काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडचा जिल्हा, पण तिथे सरकारने नेमलेला जिल्हाधिकारी नसतो. कारभार निवडून आलेले मंडळ पाहते आणि शेरीफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुखसुद्धा मतदानाने ठरतो. कनेटिकट हे अख्खे राज्य चेरीत मावेल, वर जागा उरेल. पुणे जिल्ह्याचे क्षेत्रफळ जवळपास एवढेच आहे आणि २०११ च्या जनगणनेत तिथे ९४ लाखांवर माणसे होती. चेरीत माणशी पावणेतीन चौ. किमी.हून अधिक जमीन येते. गुरांचे मात्र तसे नाही. मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या गायींच्या संख्येत ही काउंटी देशात आघाडीवर असते, आणि तो आकडा लाखाच्या वर जातो.

एवढी मोठी जमीन रिकामी का, याचे उत्तर गवताखालच्या वाळूत आहे. काउंटीचा बहुतेक भाग ‘सँडहिल्स’ या वाळूच्या टेकड्यांच्या प्रदेशात येतो. नेब्रास्काचा जवळजवळ चौथा हिस्सा, म्हणजे सु. ५०,००० चौ. किमी., या टेकड्यांनी व्यापला आहे. काही टेकड्या १०० मीटरहून उंच आहेत, लांबीला कित्येक किलोमीटर भरतात. वाऱ्याने रचलेल्या या टेकड्या गेल्या काही हजार वर्षांत दीर्घ अवर्षणाच्या काळात पुन्हापुन्हा सरकल्या. आज त्या जागच्या जागी आहेत त्या फक्त गवताच्या मुळांमुळे. वाळू आहे, पण वाळवंट नाही. जूनमध्ये पाहिले तर क्षितिजापर्यंत हिरव्या लाटाच दिसतात.

हे पांघरूण फाटले की काय होते ते कुंपणाजवळ किंवा पाण्याच्या टाकीपाशी दिसते. गुरांच्या खुरांनी गवत उखडते, उघड्या वाळूत वारा शिरतो आणि बघता बघता टेकडीच्या कुशीत मोठी परात कोरल्यासारखा खड्डा पडतो. स्थानिक लोक त्याला ‘ब्लोआउट’ म्हणतात. मग रँचवाला (गुरे पाळण्याच्या मोठ्या कुरणाचा मालक) त्यात जुने टायर आणून टाकतो, भोवती तार ओढतो आणि गवत परत धरण्याची वाट पाहतो. गंमत अशी की ‘ब्लोआउट पेनस्टेमन’ नावाचे जांभळट-निळ्या फुलांचे एक दुर्मिळ झाड असल्याच उघड्या वाळूत वाढते. लोक जमीन जपून चारायला शिकले, वणवे आटोक्यात आले, खड्डे भरले आणि ते झाड नामशेष होण्याच्या काठावर आले.

पाऊस वर्षाला जेमतेम ५० सेंमी. पण तो वाहून जात नाही. वाळू त्याला सरळ खाली पोचवते. खाली ओगालाला हा विस्तीर्ण भूजलसाठा आहे, आणि सँडहिल्सच्या खाली त्याची जाडी सर्वांत जास्त. टेकड्यांमधल्या सखल जागी हे पाणी आपोआप वर येते, तिथे शेकडो लहानमोठी तळी आणि ओलसर कुरणे तयार होतात. या कुरणांतले गवत उन्हाळ्यात कापून, वाळवून, त्याचे मोठाले गोल गठ्ठे बांधतात. हिवाळ्यात बर्फ पडले की गुरांचा जीव त्यावरच. इतरत्र पाणी पवनचक्कीने उपसून टाकीत सोडतात. नद्याही भूजलावर चालत असल्याने बारमाही आणि बऱ्याच एकसारख्या वाहतात.

त्यांतली मुख्य नायोब्रारा. व्हॅलेंटाइनच्या पूर्वेला तिच्या खोऱ्यात पूर्वेकडची पानझडी झाडे, पश्चिमेकडचे पाँडेरोसा पाइन आणि हिमयुगापासून थंड, सावलीच्या कडांवर टिकून राहिलेले पेपर बर्च एकाच दरीत भेटतात. नदीच्या १२२ किमी. पट्ट्याला १९९१ मध्ये राष्ट्रीय संरक्षण मिळाले, राज्यातील सर्वांत उंच स्मिथ धबधबा (१९ मी.) याच पट्ट्यात आहे. व्हॅलेंटाइनच्या नैर्ऋत्येकडचे मॅकेल्वी राष्ट्रीय वन मात्र नावापुरतेच वन आहे: विसाव्या शतकाच्या आरंभी इथे माणसांनी हाताने झाडे लावली, पण आजही त्याचा बहुतांश भाग गवतच आहे. टेकड्यांनी आपला कौल दिला, असेच म्हणावे लागते.

हा लाकोटा या मूळ अमेरिकी आदिवासी लोकांचा मुलूख. शेजारी, साउथ डकोटात, रोझबड हे त्यांचे राखीव क्षेत्र आहे. तिथल्या लोकांवर नजर ठेवण्यासाठी १८८० मध्ये लष्कराने फोर्ट नायोब्रारा बांधला. १८८१ मध्ये मारल्या गेलेल्या लेफ्टनंट सॅम्युअल चेरी या तिथल्याच अधिकाऱ्याचे नाव १८८३ मध्ये काउंटीला मिळाले. त्याच वर्षी रेल्वे व्हॅलेंटाइनला पोचली. गावाचे नाव एडवर्ड व्हॅलेंटाइन या काँग्रेस सदस्यावरून आहे. प्रेमिकांच्या संताशी त्याचा संबंध नाही. तरी फेब्रुवारीत देशभरातून पत्रे इथल्या पोस्टात शिक्क्यासाठी येतात, आणि गावानेही रस्त्यांच्या पाट्यांवर लाल बदाम काढून ती हौस मान्य केली आहे. लष्कराने सोडलेल्या किल्ल्याच्या जागी १९१२ पासून अभयारण्य आहे, तिथे बायसनचा कळप राखला जातो.

सुरुवातीला गुराखी या टेकड्यांत शिरायला कचरत. १८७९ च्या हिमवादळात काही कळप आत भरकटले; शोधायला गेलेल्यांना ते मेलेले नव्हे तर चांगले धष्टपुष्ट सापडले, अशी हकीकत सांगतात. तेव्हापासून ही गुरांची भूमी.

पण सरकारच्या डोक्यात नांगर होता. १९०४ च्या किंकेड कायद्याने पश्चिम नेब्रास्कातील ३७ काउंट्यांत प्रत्येक अर्जदाराला ६४० एकर, म्हणजे एक चौरस मैल, जमीन फुकट मिळू लागली. अट एवढीच की पाच वर्षे राहायचे आणि सुधारणा करायच्या. इतरत्र मिळत त्याच्या चौपट ती जमीन, म्हणून लोक आले, मातीच्या ढेपांची घरे बांधली, नांगरट केली. १९२० मध्ये लोकसंख्या ११,७५३ वर गेली. त्यानंतर ती कधीच तिथे परतली नाही : १९६० मध्ये ८,२१८, २००० मध्ये ६,१४८, २०२० मध्ये ५,४५५. नांगरलेली वाळू उडाली, आणि ६४० एकरांवर एका कुटुंबापुरती गुरे जगेनात. एकेक किंकेडवाला जमीन शेजाऱ्याला विकून निघून गेला. रँच मात्र हजारो हेक्टरांच्या होत गेल्या. या घसरणीकडे गाव ओस पडल्याची कथा म्हणून पाहण्याची रीत आहे. आकडे नीट वाचले तर ११,७५३ हाच अपवाद ठरतो. बाकी या जमिनीला पेलवते तेवढीच माणसे उरली. अर्थात यंत्रे आली, एका माणसाच्या हाताने पूर्वी पाचांचे काम होऊ लागले, शिकायला गेलेली मुले परत आली नाहीत, हेही खरेच.

आज जवळजवळ निम्मे लोक (२,६३३) एकट्या व्हॅलेंटाइनमध्ये राहतात. कोडी, क्रुकस्टन, किलगोर, मेरिमन, नेन्झेल आणि वुड लेक ही उरलेली गावे. नेन्झेल तर अगदी मूठभर घरांचे. बहुसंख्य लोक गोरे, त्याखालोखाल आदिवासी. कोडीची वस्ती दीडशेच्या आसपास. तिथले किराणा दुकान बंद पडल्यावर पेंढ्याच्या गठ्ठ्यांच्या भिंतींची इमारत उभी राहिली आणि २०१३ मध्ये शाळेतल्या मुलांनी तिच्यात स्वतः चालवायचे दुकान उघडले. आतल्या भागात अनेक डांबरी रस्ते एकेरी रुंदीचे आहेत. समोरून गाडी आली की दोघेही अर्धी चाके वाळूत उतरवतात आणि स्टिअरिंगवरचे एक बोट वर करून नमस्कार होतो.

रिकामेपणाचाही आता उपयोग सापडला आहे. मेरिट धरणाच्या काठी दर उन्हाळ्यात आकाशनिरीक्षक दुर्बिणी घेऊन जमतात, कारण दूरवर दिवाच नाही. पवन-विद्युत कंपन्यांची नजर इथल्या वाऱ्यावर आहे, आणि टेकड्यांवर मनोरे उभारू द्यावेत की नाही यावरून शेजाऱ्या-शेजाऱ्यांत वर्षानुवर्षे वाद चालू आहे.

काउंटी इतकी रुंद की तिच्यातून दोन कालविभागांची सीमा जाते; पूर्वेकडची घड्याळे पश्चिमेकडच्यांहून तासभर पुढे असतात. पश्चिम टोकाच्या मेरिमनहून सकाळी आठला निघालेला माणूस तासाभराचा रस्ता तोडून कोर्टकचेरीच्या कामाला व्हॅलेंटाइनला पोचतो, तेव्हा तिथे दहा वाजलेले असतात.