खिडकीकडचा गाल

२०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका माणसाचा फोटो छापून आला. वय ६९. त्यानं २८ वर्षं मालाचा ट्रक चालवला होता. त्याचा उजवा गाल वयाला शोभेल असा होता, डावा मात्र नांगरल्यासारखा. त्वचा जाड झालेली, खोल सुरकुत्या पडलेल्या, डोळ्याखाली लोंबलेली. हा माणूस अमेरिकेतला, तिथं ड्रायव्हर डावीकडे बसतो, म्हणून खिडकी डाव्या गालाला. आपल्याकडे हाच गाल उजवा असणार. वर्षानुवर्षं स्टिअरिंगवर असलेला कोणी ओळखीचा असेल, तर त्याचे दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवायला सांगा आणि खिडकीत टेकणारं कोपर नीट बघा.

दोन्ही गाल एकाच वयाचे, एकाच रक्ताचे, एकच जेवण जेवलेले. फरक फक्त उन्हाचा. आणि तेही काचेतून गाळून आलेलं ऊन. उन्हातल्या अतिनील किरणांपैकी त्वचा भाजणारे ‘बी’ किरण काच अडवते. ‘ए’ किरण मात्र बाजूच्या साध्या काचेतून बऱ्यापैकी आत येतात. त्यांनी कातडी लाल होत नाही, आग होत नाही, त्यामुळे काही बिघडतंय हे कळतही नाही. ते त्वचेत खोलवर उतरतात. तिथं कोलॅजेन नावाचे चिवट तंतू बाजेच्या नवारीसारखे विणलेले असतात. ऊन लागलं की त्वचेतली काही विकरं हे तंतू कातरू लागतात, आणि नवे तंतू विणणाऱ्या पेशीही मंदावतात. लवचीक तंतूंचे तर गोळे होतात. नवार सैल पडली की बाजेला झोळ येतो, तसंच हे.

मग निव्वळ वयानं काय होतं? ते बघायला आरसा नको. दंडाची आतली बाजू बघा, किंवा पोट. साठीतही ती त्वचा पातळ, किंचित सैल, बारीक चुण्यांची असते, पण मऊ आणि बिनडागाची. आता मनगटाची वरची बाजू तिच्याशेजारी धरा. या दोन्हींत जो फरक दिसतो, त्याला आपण सरसकट ‘म्हातारपण’ म्हणतो. खरं तर त्यातलं बरंचसं ऊन असतं.

आपल्या सावळ्या कातडीत मेलॅनिन हे रंगद्रव्य भरपूर असल्यानं सुरकुत्या गोऱ्यांपेक्षा उशिरा येतात. आपल्याकडे वय आधी दिसतं ते रंगात : वांग, काळे डाग, डोळ्यांभोवतीची काजळी. हा रंग गडद करायला अतिनील किरणच लागतात असं नाही, डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाशही पुरतो. नेहमीचं सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही. लोहाची ऑक्साइडं असलेलं, मातकट रंगाचं सनस्क्रीन अडवतं. वांग असलेल्यांनी म्हणून रंगीत सनस्क्रीन घ्यावं.

सनस्क्रीननं त्वचेचं वय खरंच रोखलं जातं का, याचा सर्वांत भक्कम पुरावा ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर गावचा आहे. पंचावन्नच्या आतल्या ९०३ जणांपैकी काहींना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, उरलेल्यांना त्यांच्या मर्जीवर सोडलं. साडेचार वर्षांनी हाताच्या पाठीवरच्या त्वचेचे ठसे तपासले, तेव्हा रोज लावणाऱ्यांच्या त्वचेचं वय २४ टक्के कमी वाढलेलं निघालं. त्याच प्रयोगात बीटा-कॅरोटीनच्या गोळ्याही देऊन पाहिल्या होत्या. त्यांचा एकंदर फायदा दिसला नाही. ‘आतून तजेला’ देणाऱ्या गोळ्यांच्या जाहिराती बघताना मला हे हटकून आठवतं.

एक मात्र आहे. बाटलीवरचा एसपीएफ, म्हणजे उन्हानं भाजण्यापासून किती संरक्षण याचा आकडा, मोजताना दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम सनस्क्रीन थापलेलं असतं. आपण त्याच्या निम्मंही लावत नाही. चेहरा आणि मानेला दोन बोटांच्या लांबीइतकं लागतं. शिवाय एसपीएफ मुख्यतः ‘बी’ किरणांचा हिशेब सांगतो. ‘ए’साठी बाटलीवरच्या ‘पीए’ या अक्षरांपुढची अधिकची (+) चिन्हं मोजावीत. आणि छत्री, पदर, पूर्ण बाह्या यांना एक्स्पायरी डेट नसते.

साठीनंतर सुरकुत्यांपेक्षा छळतो तो कोरडेपणा. त्वचेचा सर्वांत वरचा थर दगडी भिंतीसारखा असतो : मृत पेशींचे दगड आणि त्यांच्यामध्ये स्निग्ध पदार्थांचा चुना. वयानुसार हा चुना कमी होतो, तेलग्रंथी आळसावतात, नवा थर वर यायला जास्त दिवस लागतात. बायकांमध्ये पाळी गेल्यावर पहिल्या पाच वर्षांतच त्वचेतलं सुमारे ३० टक्के कोलॅजेन जातं, असं मोजलं गेलं आहे. अशा त्वचेवर आपण काय करतो? बादलीभर कढत पाणी आणि वर साबण. त्वचा किंचित आम्लधर्मी, साबण चांगलाच अल्कधर्मी. भिंतीतला उरलासुरला चुनाही धुऊन जातो आणि रात्री नडग्या खाजवत बसावं लागतं.

दिवाळीत आपण तेल लावून नंतर उटण्यानं ते काढून टाकतो. चार दिवस जरूर करा, उटण्याच्या वासाशिवाय दिवाळी कसली! पण रोजच्यासाठी क्रम उलटा हवा : कोमट पाणी, साबण फक्त काखा-जांघांपुरता, आणि अंग टिपल्यावर ओलसर असतानाच वरून स्निग्ध काहीतरी. साधी पेट्रोलियम जेली पाणी अडवण्यात महागड्या क्रीमना हरवते. खोबरेल तेलही कोरड्या त्वचेवर तपासलं गेलंय आणि चांगलं ठरलंय. मोहरीचं आणि ऑलिव्हचं तेल मात्र त्या भिंतीलाच बाधतं, असं दिसलं आहे. आणि तळपायांना तेल लावायचं ते पलंगावर बसून, वर मोजे घालून. तेलकट पायांनी फरशीवर चाललं तर त्वचा वाचेल आणि खुबा मोडेल.

पुष्कळ वृद्धांच्या हातावर न लागताच जांभळे डाग उठतात. घरचे घाबरतात. त्वचा सायीसारखी पातळ झाल्यानं आतल्या केशवाहिन्यांना आधार उरत नाही, जरा घासलं की रक्त पसरतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जास्तच. हे डाग बहुधा निरुपद्रवी असतात. पण अशा हातावर चिकटपट्टी लावून ती झटक्यात ओढू नका, पट्टीबरोबर कातडीही निघते.

राहता राहिली दुकानातली क्रीमं. कोलॅजेनचा रेणू सुमारे ३ लाख डाल्टनचा (डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं एकक) आणि धड त्वचेतून ५०० डाल्टनच्या वरचं सहसा आत जात नाही. म्हणजे कोलॅजेन क्रीम हे वरवरचं मलम, बस्स. ज्याचा परिणाम खरोखर दिसला ते ट्रेटिनॉइन. मुळात हे मुरुमांचं औषध. ते लावणाऱ्या वयस्क स्त्रियांचे चेहरे नितळ दिसू लागल्याचं अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांच्या लक्षात आलं आणि १९८६ मध्ये त्यांच्या गटानं त्यावरचं संशोधन मांडलं. ते काम करतं, पण काही महिन्यांनी. आधी सालं निघतात, चुरचुरतं. म्हणून रात्री, थोडं, आणि त्वचारोगतज्ज्ञाला विचारूनच. गरोदरपणात मुळीच नाही. ‘आठ दिवसांत उजळा’ म्हणत हातात येणाऱ्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असू शकतं. पहिले काही दिवस चेहरा खरंच उजळतो. पुढे कातडी पातळ होते, तांबड्या शिरा दिसू लागतात, आणि ट्यूब बंद करताच चेहरा पेटतो.

चामखिळी, काळे मस वयाबरोबर येतातच, त्यांचं काही नाही. पण महिनाभरात न भरलेली जखम, आकार-रंग बदलणारा तीळ, पुरळ नसताना सर्वांगाला सुटलेली खाज, ही डॉक्टरांना दाखवायची. या खाजेमागे कधी थायरॉइड असतं, कधी मूत्रपिंड किंवा यकृत. भारतीयांमध्ये मेलॅनोमा हा त्वचेचा घातक कर्करोग झालाच, तर बऱ्याचदा तळपायावर किंवा नखाखाली होतो, जिथं ऊन पोचतच नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला वाकून तळवा बघता येत नाही. मोजे घालून द्याल, तेव्हा तुम्हीच बघा.